लॅचचं बटण आणि संपादकाची खुर्ची: 'व्हाइल द सिटी स्लीप्स'बद्दल तीन दुरुस्त्या

माननीय संपादक,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या गुन्हेपटांची ओळख करून देणारा मजकूर आला. त्यात दिग्दर्शक फ्रिट्झ लांगच्या 'व्हाइल द सिटी स्लीप्स' (१९५६) या चित्रपटाला पंधरा-वीस ओळी मिळाल्या, याचा मनापासून आनंद झाला. मराठी वर्तमानपत्रांत या चित्रपटाचं नाव क्वचितच येतं. पण त्या ओळींत तीन चुका आहेत. त्या वाचून कुणी चित्रपट पाहायला बसला, तर तो भलत्याच गोष्टीची वाट पाहत राहील. 'खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही' असं छापलं आहे, 'पोलीस तपासाची उत्कंठावर्धक कथा' असं म्हटलं आहे, आणि वर 'सत्यघटनेवर आधारित' असा शिक्का आहे. तिन्हींबद्दल सविस्तर लिहीत आहोत. पत्र लांबलं तर क्षमा असावी, पण विषय वर्तमानपत्राच्या धंद्याचाच आहे आणि तो वर्तमानपत्रातच नीट छापला जावा असं वाटतं.

खुनी पहिल्या काही मिनिटांतच दिसतो, तोही श्रेयनामावली सुरू होण्याआधी. न्यूयॉर्कमधली रात्र. औषधांच्या दुकानातला पोऱ्या एका तरुणीच्या फ्लॅटवर सामान पोचवायला येतो. जाकीट, टोपी, कोवळा चेहरा. परत जाताना तो दाराच्या कडेला असलेलं लॅचचं बटण हळूच दाबून ठेवतो. बाईला वाटतं दार बंद झालं. थोड्या वेळाने तोच पोऱ्या मूठ फिरवून आत येतो. किंकाळी, आणि मग चित्रपटाचं नाव. भिंतीवर लिपस्टिकने लिहिलेले दोन शब्द मागे राहतात: 'आईला विचारा'. जॉन बॅरीमोर (धाकटा) याने ही भूमिका केली आहे. त्याचा चेहरा लांगने कुठेही अंधारात लपवलेला नाही. मध्ये-मध्ये आपण त्याच्या घरी जातो, त्याची आई पाहतो, त्याच्या हातातलं कॉमिक पाहतो. खुनी कोण, हा प्रश्न या चित्रपटात विचारलेलाच नाही.

त्या लॅचबद्दल थोडं सांगायला हवं, कारण त्याची यंत्रणा कळली नाही तर चित्रपटातला सर्वांत बोचरा क्षण हातून निसटतो. त्या काळच्या अमेरिकी फ्लॅटच्या दारांत कुलूप दाराच्या जाडीतच बसवलेलं असे. दार उघडलं की कडेच्या पितळी पट्टीवर लॅचची तिरकी जीभ दिसते आणि तिच्याजवळ दोन छोटी बटणं. एक दाबलं की दुसरं बाहेर येतं. एका स्थितीत बाहेरची मूठ जाम होते. दार ओढलं की किल्लीशिवाय बाहेरून उघडत नाही. दुसऱ्या स्थितीत बाहेरची मूठ मोकळी राहते. दार लागतं, 'खट्' असा आवाजही येतो, पण कुणीही मूठ फिरवून आत येऊ शकतो. आतल्या माणसाला दोन्ही वेळा आवाज सारखाच ऐकू येतो. फसवणूक नेमकी इथे होते. आपल्याकडच्या नाइट लॅचला जीभ आत धरून ठेवणारा खटका असतो, त्याचाच हा भाऊबंद. फरक इतकाच, की आपला खटका दाराच्या आतल्या बाजूला समोर दिसतो आणि ही बटणं दार लावल्यावर दिसतच नाहीत. बाहेर जाणाऱ्याने जाता जाता बोट लावलं, तर घरच्यांना पत्ता लागत नाही.

पुढे चित्रपटाचा नायक एडवर्ड मोब्ली (डेना अँड्र्यूज) आपल्या प्रेयसीच्या, नॅन्सीच्या, घरून निघताना तेच करतो. ती 'आता जा' म्हणते, तो दाराशी येतो, बटण दाबतो, बाहेर पडतो आणि लगेच आत येतो. दृश्य हलकंफुलकं आहे, ती चिडते, तो लाडीगोडी लावतो. पण कॅमेरा बटणावरच्या बोटाजवळ जातो तेव्हा आपल्याला पहिलं दृश्य आठवल्याशिवाय राहत नाही. लांगने इथे संगीताचा धक्का दिलेला नाही की कुणाच्या तोंडी वाक्य घातलेलं नाही. खुन्याच्या मागे लागलेला पत्रकार आणि खुनी यांचा हात एकाच ठिकाणी पडतो, एवढंच दाखवून तो पुढे जातो. हा क्षण सुटला तर मोब्ली सरळसाधा नायक वाटतो, आणि मग उरलेला चित्रपट अर्धाच कळतो.

आता दुसरी चूक. ही पोलीस तपासाची कथा नाही. लेफ्टनंट कॉफमन (हॉवर्ड डफ) हा पोलीस अधिकारी त्यात आहे, पण तो बहुतेक वेळ मोब्लीचा मित्र म्हणून येतो. कथा एका वृत्तसमूहाची आहे. ॲमॉस काइन नावाचा म्हातारा मालक: त्याचं एक दैनिक, एक वृत्तसंस्था, एक छायाचित्रसेवा, एक टीव्ही केंद्र. म्हातारा आजारी, कचेरीतच खाटेवर पडलेला. खुनाची बातमी आल्याबरोबर त्याला मथळा सुचतो, 'लिपस्टिक किलर', आणि ती बातमी उचलून धरायला सांगून तो त्याच रात्री मरतो. धंदा मुलाकडे, वॉल्टरकडे (व्हिन्सेंट प्राइस) जातो. वॉल्टरला कामातलं काही कळत नाही आणि ते आपल्याला कळत नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तो सर्वांच्या डोक्यावर एक नवीन पद तयार करतो आणि तीन प्रमुखांना सांगतो, खुनी जो शोधेल त्याला ते मिळेल.

ते तिघे असे. दैनिकाचा संपादक ग्रिफिथ (थॉमस मिचेल), वृत्तसंस्थेचा प्रमुख लव्हिंग (जॉर्ज सँडर्स), छायाचित्रसेवेचा प्रमुख क्रिट्झर (जेम्स क्रेग). तिघांपैकी एकही स्वतः रस्त्यावर उतरून खुनी शोधत नाही. प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी पुढे करतो. ग्रिफिथ मोब्लीच्या पोलिसांतल्या ओळखीवर विसंबतो. लव्हिंग आपल्या मैत्रिणीला, मिल्ड्रेड डॉनर या स्तंभलेखिकेला (आयडा लुपिनो), मोब्लीकडून माहिती काढायला पाठवतो. क्रिट्झरचा हुकमाचा पत्ता वेगळाच: नव्या मालकाची, वॉल्टरची, बायको डोरोथी (रोंडा फ्लेमिंग) गुपचूप त्याच्या फ्लॅटवर येते. एका खुर्चीसाठी चाललेल्या या स्पर्धेत मेलेल्या बायकांची नावं कुणाला आठवतही नाहीत. चित्रपट कुणाच्या तोंडून त्याबद्दल हळहळ वदवत नाही. तो फक्त माणसं कामाला लागलेली दाखवतो, आणि ते पाहताना पोटात कालवतं.

कचेरीचा सेटही नीट पाहण्यासारखा आहे. प्रमुखांच्या खोल्यांना काचेच्या भिंती. कोण कुणाच्या खोलीत गेलं, कुणाचा फोन वाजला, कुणाचा चेहरा पडला, हे सगळ्यांना सगळीकडून दिसतं, फक्त ऐकू येत नाही. त्यामुळे प्रत्येक जण दुसऱ्याच्या हावभावांवरून अंदाज बांधतो. अर्नेस्ट लॅझ्लो या छायाचित्रणकाराने पुढचा माणूस आणि काचेपलीकडचा माणूस दोघेही स्पष्ट ठेवले आहेत. म्हणून या चित्रपटात नजर चौकटीच्या मधोमध ठेवून चालत नाही, कडांकडेही पाहावं लागतं. याच कडांचा मुद्दा पुढे प्रक्षेपणाच्या संदर्भात पुन्हा येईल.

ग्रिफिथ आणि लव्हिंग एकाच मालकाचे नोकर असताना एकमेकांपासून बातमी का लपवतात, असा प्रश्न आजच्या वाचकाला पडू शकतो. उत्तर छपाईच्या वेळेत आहे. वृत्तसंस्थेची बातमी टेलिप्रिंटरवर, म्हणजे तारेवरून मजकूर पाठवून दुसऱ्या टोकाला टंकणाऱ्या यंत्रावर, जाते, मिनिटाला साधारण साठ शब्द. पंचवीस-तीस शब्दांचा ठळक मजकूर अर्ध्या मिनिटात देशभरच्या ग्राहक वर्तमानपत्रांत पोचतो, आणि त्यांत ग्रिफिथच्या दैनिकाचे प्रतिस्पर्धीही असू शकतात. उलट दैनिकाचा जादा अंक काढायचा तर बातमी फोनवरून कचेरीत घ्यायची, पुनर्लेखन करणाऱ्याने ती टंकून काढायची, उपसंपादकाने मथळा बसवायचा, लायनोटाइपवर ओळ-ओळ शिशात ओतायची, चौकटीत पान बांधायचं, त्यावर ओलसर पुठ्ठा दाबून साचा काढायचा, त्या साच्यातून अर्धगोल प्लेट ओतायची, ती रोटरीच्या रुळावर चढवायची, मग गठ्ठे, मग गाड्या, मग फेरीवाले. यांतली कुठलीही पायरी गाळता येत नाही. हाताने खिळे जुळवणारे जुळारी ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना लायनोटाइप वेगवान वाटेल, पण टेलिप्रिंटरपुढे तीही बैलगाडीच. म्हणून ग्रिफिथला बातमी आधी मिळूनही पुरत नाही. ती लव्हिंगच्या कानावर जाता कामा नये. चित्रपटाच्या शेवटच्या भागात फोनांची जी धावपळ आहे, तिची गंमत ही पायऱ्यांची साखळी माहीत असेल तरच येते. मूळ कादंबरी, 'द ब्लडी स्पर' (१९५३), लिहिणारा चार्ल्स आइन्स्टाइन स्वतः वृत्तसंस्थेत काम केलेला माणूस होता. पटकथा केसी रॉबिन्सनची आहे.

आणि टीव्ही. १९५६ च्या चित्रपटात टीव्हीला एवढं महत्त्व देणं ही लांगची दूरदृष्टी म्हणावी लागेल. मुंबईत दूरदर्शन १९७२ साली आलं. अमेरिकेत मात्र १९५६ पर्यंतच निम्म्याहून अधिक घरांत संच पोचले होते. मोब्ली हा टीव्हीवरचा भाष्यकार. एका रात्री तो कॅमेऱ्यात पाहून थेट खुन्याशी बोलतो. तू तरुण आहेस, अंगात बळ आहे, कॉमिक्स वाचतोस, आईच्या पदराला धरून वाढलेला आहेस, असं एकेक सांगत जातो. यातलं काही पोलिसांकडून आलेलं आहे आणि काही निव्वळ तर्क आहे, पण बोलताना तो दोन्ही एकाच सुरात सांगतो. लांग मोब्लीचा चेहरा आणि घरी संचासमोर बसलेला खुनी आलटून-पालटून दाखवतो, जणू दोघे एकाच खोलीत समोरासमोर बसले आहेत. पडद्यावरचा माणूस आपल्याला पाहतो आहे असा खुन्याचा समज होतो, आणि त्याचा चेहरा कसा बदलतो ते पाहायला हवं. कॉमिक्सचा उल्लेखही उगाच आलेला नाही. १९५४ मध्ये अमेरिकेत कॉमिक्समुळे मुलं बिघडतात या वादावर सिनेटपुढे सुनावण्या झाल्या होत्या आणि प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता लादून घेतली होती. प्रेक्षकांना तो संदर्भ ताजा होता.

टीव्हीवरून डिवचल्यावर मोब्ली दुसरं पाऊल टाकतो: नॅन्सीशी आपला साखरपुडा झाल्याची बातमी छापून आणतो, म्हणजे खुनी रागाच्या भरात तिच्या मागे येईल. आपल्या पुरवणीत याला 'नायकाची चतुर योजना' म्हटलं आहे. योजना कुठे आणि का फसते ते पाहिलं तर हा शब्द छापवला नसता. पोलिसांचा पहारा आहे, पण तो तिच्या दाराशी नाही. दारावर आलेला माणूस खरंच मोब्ली आहे हे ओळखायला कुठलाही परवलीचा शब्द ठरवलेला नाही. तिच्याच मजल्यावर समोर क्रिट्झरचा फ्लॅट आहे आणि तिथे डोरोथी येते-जाते, याचा पत्ता योजना आखणाऱ्यांना नाही. खुनी येतो, मोब्लीचा आवाज काढून दार उघडायला सांगतो. नॅन्सी उघडत नाही. का? मिल्ड्रेडवरून तिचं मोब्लीशी कडाक्याचं भांडण झालेलं आहे आणि ती त्याच्यावर रागावून बसली आहे. ती वाचते ती रागामुळे. योजना बरोबर चालली असती, म्हणजे दोघांचं गूळपीठ असतं, तर तिने दार उघडलं असतं. मग खुनी समोरच्या डोरोथीकडे वळतो, आणि जिचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता तिच्यावर संकट येतं. शेवटी पाठलाग भुयारी रेल्वेच्या बोगद्यात जातो आणि खुनी पकडला जातो. पाठलाग उत्तम चित्रित केला आहे, पण त्यावर जास्त शब्द खर्च करायची गरज नाही. आमच्या मते चित्रपटाचा कस त्या बंद दाराशी लागतो. खुर्ची कुणाला मिळते ते इथे मुद्दाम लिहीत नाही. ज्यांनी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी शिल्लक राहणारी उत्सुकता तीच आहे.

तिसरा मुद्दा 'सत्यघटने'चा. चित्रपटामागे शिकागोची एक घटना आहे हे खरं, पण ती दुरून आलेली आहे. डिसेंबर १९४५ मध्ये शिकागोतल्या एका फ्लॅटमध्ये खून झाला आणि भिंतीवर लिपस्टिकने मजकूर सापडला: देवाच्यान पकडा मला, नाहीतर आणखी खून करीन, मला स्वतःला आवरता येत नाही, अशा अर्थाचा. 'लिपस्टिक किलर' हे नाव तिथून आलं. जून १९४६ मध्ये विल्यम हाइरेन्स या १७ वर्षांच्या विद्यार्थ्याला अटक झाली. कोठडीत त्याला सोडियम पेंटोथल (सत्य वदवतं असं मानलं जाणारं गुंगीचं औषध) टोचून प्रश्न विचारले गेले. त्याने कबुली देण्याआधीच, जुलैमध्ये, शिकागोच्या एका बड्या दैनिकाने त्याची 'कबुली' छापली, आणि इतर दैनिकांनी ती उचलली. पुढे त्याने गुन्हा कबूल केला, तीन जन्मठेपी झाल्या. नंतर त्याने कबुली नाकारली आणि आपण निर्दोष असल्याचं आयुष्यभर सांगत राहिला. २०१२ मध्ये कैदेतच, ८३ व्या वर्षी, तो वारला.

म्हणजे खऱ्या प्रकरणात खुनी कोण यावर अजून वाद आहे, आणि चित्रपटात त्यावर तिळमात्र शंका नाही. दोन्हींत समान आहे ते वर्तमानपत्रांचं वागणं. 'सत्यघटनेवर आधारित' असं सरसकट छापलं की वाचक हाइरेन्सला चित्रपटातल्या पोऱ्याच्या जागी बसवतो, आणि ज्याचा गुन्हा वादग्रस्त आहे त्याच्यावर पुन्हा एकदा शिक्का बसतो. तो शिक्का पहिल्यांदा वर्तमानपत्रांनीच मारला होता, म्हणून वर्तमानपत्राने तरी इथे शब्द जपून वापरावा, अशी कळकळीची विनंती आहे. 'एका कादंबरीवर आधारित. कादंबरीला शिकागोच्या प्रकरणाचा दूरचा संदर्भ' एवढं पुरेसं आहे.

लांगचा हा विषय जुना होता. 'एम' (१९३१) मध्ये त्याने बर्लिनमधला बालहत्यारा दाखवला. तिथेही खुनी वर्तमानपत्राला पत्र लिहितो आणि शहर पेटतं. पण तिथे त्याच्या मागे पोलिसांबरोबर गुन्हेगारांची टोळीही लागते, कारण पोलिसांच्या छाप्यांनी त्यांचा धंदा बसलेला असतो. पंचवीस वर्षांनी त्या टोळीच्या जागी वृत्तसमूह आला, असं दोन्ही चित्रपट लागोपाठ पाहिले की जाणवतं. 'व्हाइल द सिटी स्लीप्स'मध्ये खुन्याच्या आईची भूमिका करणारी मे मार्श ही मूकपटांच्या काळातली मोठी अभिनेत्री, ग्रिफिथच्या चित्रपटांतून (दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, या चित्रपटातला संपादक नव्हे) ती गाजली होती. त्याच वर्षी लांगने डेना अँड्र्यूजलाच घेऊन 'बियाँड अ रीझनेबल डाउट' केला, त्यातही वर्तमानपत्राचा मालक आहे आणि खोटा पुरावा पेरण्याची योजना आहे. हे दोन त्याचे शेवटचे अमेरिकी चित्रपट. त्यानंतर तो उदयपूरला येऊन आपले दोन भारतीय पार्श्वभूमीचे जर्मन चित्रपट करून गेला, ते १९५९ मध्ये प्रदर्शित झाले. त्यांची मूळ कादंबरी थेआ फॉन हार्बोची.

या थेआबद्दल मराठी वाचकांना आवर्जून सांगायला हवं. 'एम'ची पटकथा तिने लांगबरोबर लिहिली, ती तेव्हा त्याची पत्नी होती. १९३३ साली त्यांचा घटस्फोट झाला. तिच्या आयुष्यात आलेला माणूस होता आयी तेंडुलकर, बेळगावजवळच्या बेळगुंदीचा, बर्लिनमध्ये शिकलेला आणि तिथल्या 'बर्लिनर टागेब्लाट'मध्ये लिहिणारा पत्रकार. नाझी राजवटीत दोघांनी गुपचूप लग्न केलं. पुढे तेंडुलकर भारतात परतले आणि बेळगावात त्यांनी मराठी वर्तमानपत्र काढलं. पत्रकारांवरचे इतके कडवट चित्रपट करणाऱ्या दिग्दर्शकाच्या घराशी एका मराठी पत्रकाराचा असा संबंध होता, ही गोष्ट आपल्या पुरवणीत कधी तरी पूर्ण पान घेऊन यावी. त्यावर लिहिण्यासारखं पुष्कळ आहे.

शेवटी, पुरवणीतला मजकूर वाचून हा चित्रपट लावू इच्छिणाऱ्या मंडळांसाठी आणि महाविद्यालयांसाठी थोडं व्यवहाराचं. लांबी १०० मिनिटं आहे. मध्यंतर करू नये. टीव्हीवरच्या भाषणापासून साखरपुड्याच्या बातमीपर्यंतची चढण तुटली की पुन्हा जुळत नाही. चित्रपट 'सुपरस्कोप'च्या काळातला आहे: साध्या भिंगाने चित्रण करायचं, मग वरून-खालून पट्टी कापून २:१ आकाराचं रुंद चित्र बनवायचं. मूळ चौकट १.३७:१ धरली, तर या कापण्यात उंचीचा जवळपास तिसरा हिस्सा जातो. म्हणून जुन्या टीव्ही प्रतीत डोक्यांवर भरपूर मोकळी जागा दिसते आणि माणसं चौकटीत हरवल्यासारखी वाटतात. ब्लू-रे प्रतीत चौकट घट्ट आहे. दोन प्रती हाताशी असतील तर २:१ची लावावी.

प्रक्षेपकाची मांडणी करताना ही आकडेमोड लक्षात ठेवावी. पडदा १० फूट रुंद असेल तर चित्र ५ फूट उंच यायला हवं. आजकालचे प्रक्षेपक १६:९ चे, त्यांची उंची १० फुटांना सुमारे ५ फूट साडेसात इंच. म्हणजे वर आणि खाली प्रत्येकी पावणेचार इंचांची काळी पट्टी दिसणारच. ती पाहून कुणी तरी हमखास 'झूम' किंवा 'फुल' दाबतो. दाबलं की पट्ट्या जातात, पण रुंदीचा नववा भाग दोन्ही कडांकडून मिळून कापला जातो, आणि काचेच्या खोल्यांत उभी असलेली माणसं अर्धी होतात. 'स्ट्रेच' केलं तर चेहरे लांबट होतात. पट्ट्या तशाच राहू द्याव्यात. चित्र कृष्णधवल आहे, तेव्हा प्रक्षेपकाचा 'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' मोड बंद करून 'सिनेमा' ठेवावा, नाहीतर बोगद्यातल्या प्रसंगात काळा रंग निळसर-राखी होतो. ध्वनी एकपदरी (मोनो) आहे. भोवतालचे स्पीकर बंद ठेवून समोरचेच वापरले तर भराभर, एकमेकांवर चढणारे संवाद स्पष्ट कळतात. इंग्रजी उपशीर्षकं चालू ठेवावीत, कारण सँडर्स आणि मिचेल यांचे टोमणे नुसत्या कानाने निसटतात. घरी पाहायची डिस्क आणि जाहीर खेळाची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हक्कधारकाची लेखी परवानगी आधी मागवावी. आणि प्रास्ताविक करणाऱ्याने लॅचबद्दल बोलू नये. ते खेळानंतरच्या चर्चेसाठी ठेवावं. आधी सांगितलं तर लोक मोब्लीच्या हाताकडे पाहतच बसतात आणि त्या दृश्याचा घाव बसत नाही.

दुरुस्ती छापणार असाल तर एवढंच छापावं: खुनी आरंभीच दिसतो, कथा वृत्तसमूहाच्या प्रमुखांमधल्या स्पर्धेची आहे, आधार चार्ल्स आइन्स्टाइनच्या कादंबरीचा आहे. शिवाय मजकुराबरोबरच्या छायाचित्राखाली नायकाचं नाव जॉर्ज सँडर्स असं पडलं आहे; ते डेना अँड्र्यूज हवं.

कळावे.

आपले,
एका फिल्म सोसायटीचे दोन कार्यकर्ते,
पुणे